स्पीकरची ‘संवेदनशीलता’? दुसरा शब्द सुचवा

दुभाषी: एका स्पीकरच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. ‘सेन्सिटिव्हिटी : ८८ डेसिबल, २.८३ व्होल्ट, १ मीटर, ८ ओहम’. मी ‘संवेदनशीलता’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी त्याभोवती गोल काढून विचारलं, ‘खोक्याला कसल्या संवेदना?’ काय लिहू?

खर्ज: बाईंचं बरोबर आहे. संवेदना माइकला शोभते, तो ऐकतो. इथे स्पीकरला १ वॅट देऊन समोर १ मीटरवर आवाजाचा दाब मोजलाय. साखर कारखान्यात उसामागे साखर किती पडली, त्याला उतारा म्हणतात. तसा वॅटमागे आवाज किती पडला, तो ‘ध्वनी-उतारा’. आणि ओहम गाळू नका. २.८३ व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर १ वॅट घेतो, ४ ओहमचा २ वॅट. त्याचा आकडा ३ डेसिबलने फुगलेला असतो.

मापटं: उतारा नको, तो एकूण उत्पन्नाचा. ८८ डेसिबलचा स्पीकर विजेचा साधारण अर्धा टक्काही ध्वनीत बदलत नाही, बाकीची उष्णता होते. विजेतला किती भाग ध्वनी झाला, ती कार्यक्षमता. इथे फक्त समोरचा आवाज मोजतात. शिवाय संवेदना इतकी परकी नाही: शून्य डेसिबल, म्हणजे २० मायक्रोपास्कल, हे १००० हर्ट्झचा सूर माणसाला जेमतेम ऐकू येतो त्यावरूनच ठरलंय.

गावठाण: आमच्या मामांचा माइक-सेटचा धंदा होता. ते म्हणायचे, ‘या कर्ण्याची फेक चांगली.’ एकदा जत्रेत ५० वॅटचा ॲम्प्लिफायर काढून १०० चा लावला, तर मागे बसलेल्यांना फरकच कळेना. मामांनी मग कर्णेच बदलले. ‘फेक’ घ्या. ध्वनिक्षेपकातला ‘क्षेप’ तोच.

खर्ज: दुप्पट वॅटने ३ डेसिबलच वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, म्हणजे दहापट वॅट. मामांनी योग्य तेच केलं.

मापटं: पण छापील पत्रकात ‘फेक’ गावंढळ दिसेल.

गावठाण: रोज कर्णे बांधणाऱ्यांचा शब्द गावंढळ कसा? मग ‘कर्णा’ही टाकून द्या. तो तर थेट संस्कृत कर्ण, कान.

तुतारी: कर्णा कानावरून आलेला नाही! फारसीतलं ‘कर्ना’, लांब नळीचं रणवाद्य. स्पीकर येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे कर्णे फुंकत.

दुभाषी: पत्रक उद्या द्यायचंय. तूर्त ‘१ वॅटला १ मीटरवर मिळणारा आवाज’ असं सरळ लिहितेय.

गावठाण: तुतारी, आमच्याकडे कानाला लावायच्या नळीलाही कर्णाच म्हणत. ती कुठून आली मग?