नावापेक्षा लेबल बघा

कव्हरवर आधीच्या मालकाने पेनाने नाव लिहिलेली गाण्यांची जुनी रेकॉर्ड घेऊ नये, भाव पडतो, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. पुढे विकायची असेल तर खरंय, पण ऐकायला घेणाऱ्याने त्यापायी चांगली रेकॉर्ड का सोडावी? शिवाय आधीचा मालक कसा होता हे नावावरून कळतच नाही. त्यासाठी लेबल, म्हणजे रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद, उजेडात तिरपं धरा. प्लेअरची मधली खुंटी सापडेपर्यंत रेकॉर्ड चाचपडत ठेवली की भोकाभोवती केसासारखे बारीक ओरखडे उठतात. एका बाजूला त्यांचं जाळं आणि दुसरी बाजू कोरी असेल, तर त्या घरात बहुधा एकच बाजू वाजायची.

७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकड्यांवर आणखी कळतं. स्टीलची सुई खरं तर दर बाजूला बदलायची, पण काटकसरी घरांत तीच पुन्हापुन्हा चालायची आणि ती ज्यांतून फिरते त्या खाचा झिजून करड्या पडायच्या. चोरबाजारातून आणलेल्या माझ्या एका नाट्यगीताच्या तबकडीवर वरच्या तानेचाच पट्टा करडा आहे. म्हणून मालक त्या तानेवर फिदा होता असं मात्र समजू नका (मित्रमंडळी समजतात!). आवाज जिथे मोठा, तिथे खाच आधी झिजते.