मोटरवे नको, किनारा धरा
पोर्तुगालमध्ये लिस्बनहून दक्षिणेला गाडीने जाताना मोटरवे घ्यावा का, असा प्रश्न पडतो. चार दिवस हातात असतील तर अजिबात नको. आलेंतेजू प्रांताच्या किनाऱ्यानं जा: पोर्तू कोवू, मिलफोंतिश ही गावं, मग काबू सार्दांव हे भूशिर. तिथे समुद्रातल्या सुळक्यांवर पांढऱ्या करकोच्यांची घरटी आहेत. आम्ही एप्रिलात गेलो, खाली लाटा फुटत होत्या आणि पिल्लू निवांत चोच वाजवत होतं.

गाडी उजव्या बाजूने हाकायची. आम्हा गोव्यातल्या म्हापसेकरांचा डावा हात पहिले दोन दिवस गिअरऐवजी दारावरच आपटत होता! आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या.

बाकी आपला गोव्याचा सुशेगाद, म्हणजे निवांत, हा शब्द तिकडूनच आलाय. दुपारी दुकानं बंद दिसली तर चिडू नका. बेकरीत मात्र ‘पाव’ म्हटलं की लगेच कळतं.