नागपूरहून पहिली परदेशी डायव्हिंग ट्रिप: मे महिना, सव्वा लाख, मालदीव की बाली?

खोलपाणी: नमस्कार मंडळी. ओपन वॉटर कार्ड, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र, मिळालंय, डाइव्ह मात्र कोर्समधल्या चारच. मे महिन्यात आठ दिवस सुट्टी, एकट्याचा खर्च, तिकिटासकट सव्वा लाखात बसवायचाय. एजंट मालदीव म्हणतो, यूट्यूबवाले थायलंडची सिमिलान बेटं दाखवतात. जावं कुठे आणि पैसे कुठे कुठे जातात?

धरमपेठकर: सिमिलानवर आधी काट मारा. ते उद्यान दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. मालदीवला मे महिन्यात नैर्ऋत्य वारे सुरू होतात. डायव्हिंग चालू असतं, पण तिथल्या गाजलेल्या जागा म्हणजे दोन बेटांमधले चॅनल, आणि त्यात प्रवाह तगडा. नव्या माणसाची हवा प्रवाहाशी झगडण्यातच संपते. भावही नीट वाचा. दरासमोर ‘++’ असेल तर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर 17 टक्के कर, म्हणजे 60 डॉलरची डाइव्ह 77 ला पडते. वर गेस्ट हाउसला रोज 6 डॉलर ग्रीन टॅक्स.

मेसाठी बालीचं तुलांबेन घ्या. 1942 साली पाणतीर लागलेलं लिबर्टी जहाज तिथल्या किनाऱ्यावर ओढून ठेवलं होतं, 1963 च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते पाण्यात सरकलं. साधारण पाच मीटरपासून तिशीपर्यंत पसरलंय. किनाऱ्यावरून चालत उतरायचं, बोटीचा खर्च शून्य. तुमची मर्यादा 18 मीटर, तेवढ्यात बघायला भरपूर आहे. किनारा गोल गोट्यांचा, म्हणून जाड तळव्याचे बूट हवेतच, आणि फिन्स कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर चढवा, नाहीतर लाट तोंडघशी पाडते. मुक्काम गावातच करा. दक्षिण बालीच्या गाड्या सकाळी उशिरा येतात, त्याआधी तुमची पहिली डाइव्ह उरकलेली असते. बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावरच्या मोला (सनफिश) माशाचा मोह या खेपेला नको, प्रवाह आणि थंड पाणी दोन्ही अंगावर येतं.

हिशेबी_बजाजनगर: डॉलर 90 रुपये धरून अंदाज देतो. नागपूर–मुंबई किंवा बंगळूर–देनपसार (बालीचा विमानतळ) जाऊन-येऊन 48 हजार, आधी काढलं तर कमी. सहा रात्री साध्या होमस्टेत 15. आठ डाइव्ह, भाड्याच्या सामानासकट, 25. विमानतळ ते तुलांबेन गाडी अडीच-तीन तासांची, दोन्ही वेळचे साडेसहा. जेवण आठ. आगमन व्हिसा 5 लाख रुपिया आणि पर्यटक कर दीड लाख रुपिया मिळून साडेतीन. आकडा बघून दचकू नका, रुपियाचे शून्य जास्त असतात. विमा चार. झाले 1 लाख 10 हजार. उरलेले 15 हजार खर्चात धरू नका. एक फ्लाइट चुकली तरी तेवढे जातात.

फ्लाइटबद्दल सांगायचं तर नागपूरची आणि पुढची दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी काढली आणि पहिलं लेट झालं, तर दुसरी कंपनी हात वर करते. देशांतर्गत टप्प्यावर बहुधा 15 किलोचीच मुभा, हेही तिथेच नडतं.

विमा घेताना ‘परदेश प्रवास’ एवढ्यावर जाऊ नका. बऱ्याच साध्या पॉलिसी स्कूबा वगळतात, काही ठरावीक खोलीपर्यंतच धरतात. कागदात ‘स्कूबा’ आणि ‘हायपरबॅरिक चेंबर’ (डायव्हिंगच्या बाधेवर उपचार करायची दाबाची खोली) हे शब्द शोधा. नसतील तर डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेसारखा डायव्हिंगचा वेगळा विमा.

बुडबुडे: वरच्यांनी सुटीच्या शेवटाबद्दल लिहिलं नाही. अनेक दिवस रोज डाइव्ह केल्या की शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमान नाही. रक्तात-पेशीत विरघळलेला नायट्रोजन केबिनच्या कमी दाबात बुडबुडे धरतो. दुपारी चारला वर आलात तर सकाळी आठचं विमान म्हणजे 16 तास, चालणार नाही. शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवा. आणि त्या दिवशी ड्रायव्हरला सांगून ठेवा की किंतामणीवरून नको, तो घाट दीड हजार मीटरच्या घरात जातो, तिथेही हवेचा दाब कमीच. अमलापुराच्या किनारी रस्त्याने या.

हवेचा हिशेब पण करून ठेवा. 11.1 लिटरची टाकी, 200 बार, त्यातले 50 राखीव, म्हणजे वापरायला 1665 लिटर. नवा माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरा. 18 मीटरवर दाब 2.8 बार, म्हणजे 56 लिटर, अर्धा तासही जेमतेम. 10 मीटरवर तीच टाकी 40 मिनिटांवर जाते. म्हणून गाइडला आधीच सांगा, ‘बारा मीटरच्या आसपास राहू’.

खोलपाणी: एकदम कामाचं. सामान काय विकत घेऊ?

बुडबुडे: मास्क, आणि जमल्यास डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र). बीसीडी (हवा भरायचं जाकीट) आणि रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र) भाड्यानेच, आठ डाइव्हसाठी ते वजन वाहणं परवडत नाही. नवा मास्क घरीच साबणाच्या पाण्याने नाही, टूथपेस्टने काच आतून दोन-तीनदा चोळून धुवा, कारखान्यातला थर राहिला की धुकं धरतो. टॉर्चची लिथियम बॅटरी केबिन बॅगेत, कटर असेल तर चेक-इनमध्ये.

धरमपेठकर: अजून एक, भाऊ. वैद्यकीय फॉर्म आत्ताच डाउनलोड करा. दमा, कानाचं ऑपरेशन, बीपीची गोळी, एका जरी ठिकाणी ‘हो’ आलं तर डॉक्टरची सही इथूनच घेऊन जा. तिथे काउंटरवर ‘हो’ लिहिलंत तर सही मिळेपर्यंत पाण्यात सोडत नाहीत. ‘नाही’ असं खोटं लिहिलंत तर विमा हातचा जातो. कोर्स होऊन सहा-आठ महिने झाले असतील, तर पहिल्या दिवशी रिफ्रेशरची (उजळणीची) एक डाइव्ह बुकिंगमध्येच मागून घ्या.