ड्रायव्हरमधला डीबग लॉग: ठेवायचा की काढायचा?

शिरोलीचा डबा
शिरोलीतल्या एका फाउंड्रीत आमचा लॉगर बसलाय. भट्टीचं तापमान आरएस-४८५ या सिरीयल वायरीवरनं घेतो. लिनक्स, ड्रायव्हर आमचाच. आठवड्यातनं एकदा रीडिंग थांबतं. डीबगच्या ओळी (ड्रायव्हर काय करतोय ते सांगणारे मेसेज) होत्या, पण इफडेफमध्ये (कंपाइल करतानाच कोड वगळायची अट), त्यामुळं रिलीज बिल्डमधनं उडाल्या. आता ड्रायव्हरचं नवं मॉड्यूल (लिनक्समध्ये लोड होणारी फाइल) घेऊन जायचं, लाइन थांबवायला परवानगी मागायची, आणि मॉड्यूल बदललं की बिघाड गायब!
माझं म्हणणं, ओळी रिलीजमध्येच ठेवा, चालू-बंद बाहेरनं करा. लिनक्समधली डायनॅमिक डीबग ही सोय त्याचसाठी आहे. कंट्रोल फाइलमध्ये मॉड्यूलचं नाव आणि ‘+पी’ लिहिलं की तेवढाच ड्रायव्हर बोलतो, ‘-पी’ केलं की गप्प. बंद असताना त्या जागी नुसती नो-ऑप (काहीच न करणारी) सूचना असते, म्हणजे खर्च नसल्यातच जमा.

रंकाळ्याकाठचा
भावा, बंद असतानाचा खर्च सांगितलास, चालू केल्यावरचा? सिरीयल कन्सोल (मेसेज बाहेर टाकणारी सिरीयल लाइन) ११५२०० बॉडवर सेकंदाला ११५२० अक्षरं ओकतो. ८० अक्षरांची ओळ म्हणजे ७ मिलिसेकंद. इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरनं हाक मारली की लगेच धावणारा कोड) अशा तीन ओळी टाक आणि बघ. टायमिंगचा बग असला तर लॉग चालू केल्या केल्या तोच पळून जाणार.

शिरोलीचा डबा
मेसेजच्या पातळ्यांत डीबगची पातळी ७ (आकडा मोठा तसं महत्त्व कमी), आणि डीफॉल्टला कन्सोलवर ७ च्या आतलेच मेसेज जातात. ओळी रिंग बफरमध्ये (भरला की जुनं पुसणारी मेमरीतली जागा) पडतात, डीमेसग कमांडनं वाचायच्या. कन्सोल मधे येतच नाही.

रंकाळ्याकाठचा
बरं, बफर केवढा? बहुतेक ठिकाणी १२८ केबी. सेकंदाला १० ओळी धरल्या तर तीन मिनिटांत भरून जुनं पुसायला लागतो. बिघाड आठवड्यातनं एकदा! फाइलीत साठवत बसलास तर मेमरी कार्ड झिजवशील. ट्रेसपॉइंट (ओळ छापण्याऐवजी मेमरीत छोटी नोंद करणारी खूण) टाक. चूक दिसली की ड्रायव्हरनंच ट्रेसिंग बंद करायचं, शेवटचे क्षण जागेवर गोठून राहतात.

जुना फिटर
आमच्या वेळी ‘डीबग=३’ पॅरामीटर असायचा. ३ म्हणजे काय, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तो नोकरी सोडून गेला की ३ पण गेला.

शिरोलीचा डबा
ट्रेसचं पटतंय, पण ते वाचायला मीच लागतो. रात्रपाळीच्या मेंटेनन्सवाल्या मामांना फोनवर ‘ही एक ओळ टाइप करा आणि स्क्रीनचा फोटो पाठवा’ एवढंच सांगता येतं. साधी मराठी-इंग्रजी ओळ त्यांनाही कळते. ‘टाइमआउट, स्लेव्ह ४’ (४ नंबरच्या उपकरणाचं उत्तर आलं नाही) असं दिसलं की ते आधी वायर हलवून बघतात, आणि निम्म्या वेळा वायरच असते.

रंकाळ्याकाठचा
ते खरं. पण तुझ्या कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) डायनॅमिक डीबग चालू करून बिल्ड केलंय का? बोर्डासोबत आलेला कर्नल दिसतोय. आधी बघ.

शिरोलीचा डबा
बघितलं. बंद आहे.
म्हणजे आता कर्नलच बदलायचा, आणि लाइन थांबवायची परवानगी परत मागायची.