‘सुपरस्टार’, ‘म्यूज’ की ‘वलयांकित’? ईडी सेजविकसाठी नेमका शब्द

प्रश्न : १९६५ मध्ये पॉप-आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलच्या चित्रपटांमुळे न्यूयॉर्कमध्ये गाजलेल्या ईडी सेजविकवर मराठीत टिपण लिहायचं आहे. तिला ‘तारका’ म्हणावं की ‘स्फूर्तिदेवता’? ‘इट गर्ल’ला, म्हणजे एखाद्या काळात सगळ्यांच्या नजरा जिच्यावर खिळतात त्या तरुणीला, मराठीत काय म्हणता येईल?

उत्तर : ‘तारका’ नको. तारका म्हटली की स्टुडिओ, करार, मानधन ओघाने आलंच. वॉरहॉलची ‘फॅक्टरी’, म्हणजे त्याची कामाची जागा, हा न्यूयॉर्कच्या पूर्व ४७व्या रस्त्यावरचा, भिंतींना चंदेरी कागद चिकटवलेला एक मजला. तिथली ‘सुपरस्टार’ ही पदवी निम्मी थट्टेची होती. ‘महातारका’ केलंत तर थट्टा मरते. सुपरस्टार तसाच ठेवा, पहिल्यांदा अवतरणचिन्हांत.

वॉरहॉल फॅक्टरीत येणाऱ्यांच्या चेहऱ्यांचं जे चित्रण करी, त्या ‘स्क्रीन टेस्ट’चं ‘पडदाचाचणी’ करण्याचा मोहही आवरा. कुठल्याही भूमिकेसाठी ती चाचणी नव्हतीच. १६ मिमीची १०० फुटांची मूक फिल्म, कॅमेरा स्थिर, समोरच्याने शक्यतो हलायचं नाही. चित्रण सेकंदाला २४ चौकटींनी, दाखवायची मात्र १६ने. त्यामुळे पावणेतीन मिनिटांचा चेहरा चार मिनिटं पुरतो आणि पापणीची उघडझाप जड, पाण्याखाली चालल्यासारखी दिसते. ‘चलत्‌-व्यक्तिचित्र’ हे त्यातल्या त्यात जवळचं.

दुसरं मत : ‘म्यूज’ला ‘स्फूर्तिदेवता’ चालेल की.

उत्तर : देवता मखरात बसते, ही कॅमेऱ्यासमोर फोनवर बोलते, सिगारेट ओढते, मेकअप करते. ‘पुअर लिटल रिच गर्ल’ (१९६५) मध्ये तेवढंच आहे : प्रत्येकी ३३ मिनिटांची दोन रिळं, पैकी पहिलं पूर्ण धूसर. भिंगाचा दोष होता. पुन्हा चित्रण केलं, तरी वॉरहॉलने एक धूसर रीळ मुद्दाम ठेवलं. इथे ती प्रेरणा नाही, मालमसालाच ती आहे. ‘म्यूज’च लिहा.

‘इट गर्ल’साठी ‘वलयांकित’ सुचवेन. ‘अंकित’ म्हणजे खूण केलेलं. वलय दुसऱ्याने काढलेलं असतं, हे शब्दातच आलं. ऑक्टोबर १९६५ मध्ये फिलाडेल्फियात वॉरहॉलच्या प्रदर्शनाला इतकी झुंबड उडाली की चित्रं भिंतींवरून उतरवावी लागली. लोक वॉरहॉल आणि ईडी या दोघांना पाहायला आले होते. छताला भोक पाडून त्यांना बाहेर काढलं. हे वलय टिकलं जेमतेम वर्षभर.

उपप्रश्न : नाव ‘एडी’ की ‘ईडी’?

उत्तर : उच्चार ‘ईडी’. अडचण अशी की मथळ्यात नुसतं ‘ईडी’ दिसलं की वाचक छापा कुणावर पडला ते शोधणार, आणि ‘एडी’ लिहिलं तर कुणीतरी ‘येडी’ वाचणार. आडनाव सोडू नका.

पुरवणी : दोन क्रियापदं जपून वापरा. ‘वॉरहॉलने तिला नादी लावलं’ हे वाक्य सर्रास येतं. ती १९६२ मध्येच मनोरुग्णालयात होती. मार्च १९६४ ते जानेवारी १९६५ या काळात तिचे दोन सख्खे भाऊ गेले. वॉरहॉलशी ओळख त्यानंतरची. तो अलिप्त राहिला असं म्हणा हवं तर. ‘नादी लावलं’ने सगळं खापर एकाच डोक्यावर फुटतं.

दुसरं, ‘झोपेच्या गोळ्या खाऊन’. मराठीत या तीन शब्दांचा अर्थ आत्महत्याच होतो. १६ नोव्हेंबर १९७१ रोजी, २८व्या वर्षी, सांता बार्बरात ती गेली तेव्हा अपघात की आत्महत्या हे तपासणी अधिकाऱ्याने अनिर्णितच ठेवलं. बार्बिट्युरेट (झोपेच्या गोळ्यांतलं औषध) आणि दारू दोन्ही श्वास मंदावतात; एरवी पचली असती अशी मात्राही दारूसोबत जिवावर बेतू शकते. म्हणून ‘अतिसेवन’सुद्धा नेमकं नाही. ‘बार्बिट्युरेट व दारूची विषबाधा’ लिहा. आणि ‘गर्द’ तर मुळीच नको : ते हेरॉइन. फॅक्टरीत चालायचं ते अँफेटामिन, म्हणजे झोप उडवणारं.