अनुभव धागा: दोन घड्याळांवरचा संसार

जर्मनीत श्टुटगार्टला येऊन मला अकरा वर्षं झाली. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ एक तास पुढे जातं आणि भारताशी असलेलं साडेचार तासांचं अंतर साडेतीनवर येतं. सांगलीला आईने स्वयंपाकघरात माझ्या वेळेचं वेगळं घड्याळ ठेवलंय. त्या दिवशी काटे फिरवल्याशिवाय ती चहा टाकत नाही. पगार, व्हिसा, हवा यांवर आपण भरपूर बोलतो, या वेळेच्या हिशोबावर फारसं नाही. बाहेर वर्षं काढलेल्यांनी लिहा, आणि ज्यांचं माणूस बाहेर आहे त्यांनीही. चार ओळी असल्या तरी चालतील.

---

मी चिपळूणकडचा, इलेक्ट्रिशियन. १९९१ ते २०१६ मस्कतला होतो. फरक दीडच तासाचा, पण तेव्हा फोन परवडायचा नाही आणि वाडीत फोन एकाच दुकानात. म्हणून कॅसेट. सुट्टीवर निघालेल्या माणसाबरोबर कोरी कॅसेट द्यायची, घरची मंडळी ती बोलून भरून परत पाठवायची. खोलीत आम्ही आठ जण. शुक्रवारी ज्याची कॅसेट आली असेल त्याला टेपरेकॉर्डर, बाकीच्यांनी बाहेर जायचं, हा आमचा नियम होता आणि तो कोणी मोडला नाही.

एका कॅसेटमध्ये मुलगी साताचा पाढा म्हणताना छप्पन्नपाशी अडली, मागून बायकोने हळूच सांगितलं, आणि तेवढ्यात संध्याकाळच्या एसटीचा हॉर्न वाजला. तेवढाच भाग मी पुन्हापुन्हा मागे नेऊन ऐकायचो. पुढची कॅसेट सात महिन्यांनी आली. त्यात ती तेराचा पाढा घडाघडा म्हणत होती. मधले पाढे तिने कधी पाठ केले, मला ठाऊक नाही.

२०१३ साली ओमानात साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली. आमच्या कामावर तेव्हापासून शनिवारही मिळायला लागला. शनिवारी जिची शाळा सकाळचीच असायची, ती मुलगी तोवर सासरी गेली होती.

---

टोकियोत होते तेव्हाची गोष्ट. ११ मार्च २०११, दुपारचे २:४६, भारतात सव्वाअकरा. भूकंपानंतर गाड्या बंद, मोबाईल लागेना. मी योकोहामाच्या दिशेने चालायला लागले, सोबत शेकडो माणसं, सगळी शांत. ईमेल मात्र जात होती. भावाला लिहिलं, 'मी ठीक आहे, चालतेय.' बाबा घरी टीव्हीसमोर बसलेले. त्यांनी त्या चार शब्दांच्या आणि एका नावाच्या ईमेलची छापील प्रत काढून घेतली. अजून त्यांच्या बँकेच्या पासबुकात आहे.

---

नॉर्वेत त्रोम्सोला पीएचडी करतोय. २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि आडव्या डोंगरांमुळे शहरात तो २१ जानेवारीला दिसतो. त्या दिवशी लोक जॅम भरलेले गोड पाव खातात. पहिल्या वर्षी १४ जानेवारीला मी तीळ भाजले. भर दुपारी बारा वाजता खिडकीबाहेर निळा काळोख. संक्रांत आणि सूर्यच नाही! आजीला व्हिडिओवर दाखवलं. ती काही बोलली नाही, उठली, फोन घेऊन अंगणात गेली आणि साताऱ्याचं साडेचारचं ऊन माझ्यासमोर धरून उभी राहिली. आता मी तिळगूळ दोनदा करतो, १४ला आणि २१ला.

---

मी अमेरिकेत एडिसनला लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. हे तिसऱ्यांदा. मनगटावर भारतातली वेळच ठेवते. लेक म्हणते, आई, आता इथली लाव की. पण कोल्हापूरला धाकट्या बहिणीची गोळी रात्री साडेआठची असते आणि ती विसरते. इथे तेव्हा सकाळचे अकरा वाजतात. रोज फोन करून मीच आठवण देते. काल मी नातीचे केस विंचरत बसले होते, लक्षात राहिलं नाही. अकराला नातच उठली आणि फोन आणून माझ्या हातात दिला.