वडिलांच्या हार्ड डिस्क आणि आईची आठवण : आधी काय जपावे?

प्रश्न
वडिलांच्या पश्चात त्यांच्या कपाटात तीन जुन्या हार्ड डिस्क सापडल्या. त्यांत सुमारे २० वर्षांची छायाचित्रे आणि त्यांची रोजनिशी आहे. एक डिस्क जोडताच टकटक असा आवाज येतो आणि काहीच उघडत नाही. दुसरीतील रोजनिशी उघडते, परंतु अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. सर्व मजकूर एका नव्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या साठवण-उपकरणावर) उतरवून ती कपाटात ठेवावी, असा विचार आहे. एवढे पुरेसे होईल का? आई ७८ वर्षांची असून छायाचित्रांतील बहुतेक माणसे आता केवळ तिलाच ओळखू येतात.

प्रतिसाद १
टकटक करणारी डिस्क कृपया पुन्हा जोडू नका. असा आवाज बहुधा आतील हेड (मजकूर वाचणारा-लिहिणारा भाग) नीट काम करत नसल्याची खूण असते, आणि डिस्क फिरत राहिली तर चुंबकीय थरावर ओरखडे पडून आज मिळू शकणारा मजकूरही कायमचा जातो. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवण्याचा मोह टाळून ती डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. उरलेल्या दोन डिस्कची प्रत मात्र आजच काढा.

एसएसडी कपाटात ठेवून विसरण्याची वस्तू नाही. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपतो. जेडेक या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या मानक-संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या, लेखनमर्यादा संपलेल्या (म्हणजे ठरलेल्या मर्यादेइतके लिहून झालेल्या) एसएसडीने ३० अंश सेल्सिअस तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित आहे. नवी एसएसडी याहून बराच काळ टिकते, तरीही एकाच प्रतीवर विसंबू नये. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम पाळावा : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. केवळ सिंक होणारे क्लाउड फोल्डर बॅकअप म्हणून धरू नका, कारण एकीकडे चुकून पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते.

प्रतिसाद २
रोजनिशी बहुधा खराब झालेली नाही. युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठीची समान संकेतपद्धती) रुळण्यापूर्वी मराठी मजकूर अशा फाँटमध्ये टंकला जाई, ज्यात रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फाँट संगणकावर नसला की चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइलमध्ये फाँटचे नाव सहसा नोंदलेले असते. ते शोधून त्या फाँटसाठीच्या परिवर्तक सॉफ्टवेअरने मजकूर युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घाला, आणि मूळ फाइल तशीच राहू द्या.

प्रतिसाद ३
माझ्या मते पहिले काम आईजवळ बसण्याचे आहे, कारण निरोगी डिस्क महिनाभर थांबू शकेल, परंतु आईला आज आठवते ते महिन्याने आठवेलच असे नाही. विचारताना मात्र जपावे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की माणूस आठवताना साठवलेले जसेच्या तसे बाहेर काढत नाही, तर ते नव्याने रचतो आणि अपरिचित तपशिलांना परिचित वळण देतो. म्हणून “हे काकाच ना?” असे न विचारता “हे कोण?” एवढेच विचारा. तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि छायाचित्राच्या फाइलच्या नावासमोर माणसांची नावे, सांगणाऱ्याचे नाव व तारीख साध्या मजकूर फाइलमध्ये लिहा. केवळ छायाचित्रांच्या अ‍ॅपमध्ये लिहिलेली नावे ते अ‍ॅप बंद पडल्यावर हाती लागतीलच असे नाही.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. दोन डिस्कच्या प्रती काढल्या आणि काल आईसोबत ४० छायाचित्रे पाहिली. एका छायाचित्रातील मुलाला ती आपला धाकटा भाऊ म्हणते, तर मावशीच्या मते तो शेजारचा मुलगा आहे. अशा वेळी कोणते नाव लिहावे?

प्रतिसाद ३
दोन्ही नावे लिहावीत आणि कोणते कोणी सांगितले तेही नोंदवावे. रोजनिशी वाचता येऊ लागली की त्या सुमाराच्या नोंदी पाहा. तिथे त्या मुलाचा उल्लेख सापडला तर तो तिसरी नोंद म्हणून खाली जोडा, परंतु आधीच्या दोन्ही नोंदी पुसू नका.